ट्यूबासाठी बॅग: मऊ घ्यावी की कडक?

नमस्कार मंडळी,

लेकीला शाळेच्या बँडमध्ये ट्यूबा (फुंकून वाजवायचं भलंमोठं पितळी वाद्य) मिळालाय. वाजवते छान, पण न्यायचा-आणायचा कसा यावरून घरात रोज चर्चा. शाळेची हार्ड केस आहे, ती वाद्यासकट तिला उचलवत नाही. म्हणून पाठीवर घेता येईल अशी मऊ बॅग बघतोय. जिथेतिथे 'फोर-फोर ट्यूबासाठी' एवढंच लिहिलेलं असतं आणि पुढे फोमची जाडी. जितका जाड फोम तितकी चांगली बॅग, असंच ना?

———

नमस्कार,

ट्यूबा वाजवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय, म्हणून लिहितो. फोमकडे शेवटी बघा, आधी टेप घेऊन वाद्य मोजा. थ्री-फोर, फोर-फोर, फाइव्ह-फोर ही मापं कुणी ठरवून दिलेली नाहीत. एका कंपनीचा फोर-फोर दुसरीच्या फाइव्ह-फोरएवढा निघतो. सुराशीही त्यांचा संबंध नाही. बी फ्लॅट सुरातल्या ट्यूबाची नळी उलगडली तर साधारण 18 फूट भरते, पण ती कशी गुंडाळलीय यावर उंची-रुंदी ठरते.

भोंग्याच्या कडेपासून बुडापर्यंतची उंची आणि भोंग्याचा व्यास सगळेच मोजतात. राहते ती व्हॉल्व्हपाशीची, म्हणजे सूर बदलणाऱ्या झडपांपाशीची जाडी. व्हॉल्व्ह पिस्टनचे, म्हणजे वरखाली होणारे, आणि समोर असतील तर वाद्य तिथे चांगलंच पुढे येतं. मग चेन नेमकी तिथे ताणते आणि काही महिन्यांत शिवणीपासून सुटते. सैल बॅगही नको, वाद्य आत डुलत राहतं. थोडीशी सैल असेल तर भोंग्याच्या गळ्याभोवती जुना टॉवेल गुंडाळा, भागतं.

पोचे दोन ठिकाणी पडतात: भोंग्याची कड आणि बुडाचा वळसा. पत्रा मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो, आणि बॅग टेकवली की दहा किलोच्या आसपासचं सगळं वजन त्या कडेवर येतं. म्हणून बॅगेच्या त्या टोकाला आत कडक तळ आहे का, हे हाताने दाबून बघा. बोट सहज रुतलं तर ती बॅग सोडा, फोम कितीही जाड असो. दुसरं टोक पाठीवर घेतल्यावर डोक्याच्या वर जातं आणि चौकटीला आपटतं. तिथे अस्तराखाली दुहेरी थर हवा. लेकीला सांगून ठेवा, दारातून जाताना मान वाकवून भागत नाही, गुडघे वाकवावे लागतात.

पट्टे कमरेलाही हवेत आणि तिच्या उंचीइतके आखूड होणारे हवेत. कड्या धातूच्या बघा. चेनच्या आतून कापडाची पट्टी नसेल तर दाते लॅकरवर, म्हणजे वाद्याच्या चकचकीत लेपावर, ओरखडे काढतात. माउथपीस वेगळ्या कप्प्यात. बाहेरच्या खिशात स्वरलिपीची जाड फाइल कोंबू नका, तिचा दाब थेट पिस्टनवर येतो.

— काका

———

काकांना दुजोरा, एक भर घालते. आधी तिचा ट्यूबा पिस्टनचा आहे की रोटरीचा ते बघा. रोटरीत व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या बारीक दांड्या बाहेरच असतात. जरा वाकल्या की व्हॉल्व्ह पूर्ण फिरत नाही, आणि मूल बिचारं आपलंच चुकतंय समजून फुंकत बसतं! त्या बाजूला फोमसोबत कडक पत्रा शिवलेली बॅग घ्या.

आणि हार्ड केस परत करू नका. मऊ बॅग ओरखडे आणि किरकोळ धक्के झेलते. वर दुसरं सामान रचलं जाणार असेल, म्हणजे बसची डिकी किंवा विमान, तर केसच हवी.

— ताई

———

काका, ताई, खूप आभार. पिस्टनचाच आहे. मोजला तर फोर-फोर म्हणून मागवणार होतो त्या बॅगेत व्हॉल्व्हपाशी मावलाच नसता. आता पुढच्या मापाची, कडक तळाची बघतोय. एकच विचारायचं होतं: गाडीत उभा ठेवायचा की आडवा?

———

आडवा, व्हॉल्व्ह वरच्या बाजूला, आणि ब्रेक मारल्यावर सरकणार नाही असा टेकवून. वर काही ठेवू नका, तिचं दप्तरसुद्धा नाही. निघण्याआधी नळीत फुंकून साठलेलं पाणी काढून टाकायला सांगा आणि घरी पोचल्यावर चेन उघडी ठेवा. अस्तर ओलं राहिलं की बुरशी धरते.

— काका