मदत हवी आहे : माळरान ‘रिकामी जागा’ नाही, हे मुलांना कसे समजवावे?

नमस्कार. मी पुण्यातील एका शाळेत सहावीला विज्ञान शिकवते. अधिवास हा घटक शिकवताना वेताळ टेकडीवरील प्राण्यांसाठी काय करता येईल, असे विचारले, तेव्हा जवळजवळ सर्वांनी उघड्या गवताळ भागात झाडे लावावीत, असे लिहिले. त्यांची तळमळ खरी आहे, म्हणून उत्तर चूक ठरवणे मला जड गेले. परंतु टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते, चंडोल गवताच्या आडोशाला घरटे करतो, आणि मूळच्या मध्य अमेरिकेतील गिरिपुष्पासारख्या झाडांची दाट सावली पडली की गवत आणि त्यावर जगणारे नाकतोडे कमी होतात, ही साखळी केवळ फळ्यावरच्या आकृतीने त्यांच्या मनात उतरत नाही.

पावसाळा ओसरल्यावर ४० मुलांना टेकडीवर नेऊन, सुतळीने १ मीटर लांबी-रुंदीचे चौकोन आखून, गवतात व झाडांखाली दिसणाऱ्या सजीवांची नोंद करवून घेण्याचा विचार आहे. गट कसे पाडावेत, जमिनीवरील घरट्यांना धक्का लागू नये म्हणून कोणती काळजी घ्यावी आणि या नोंदींवरून अन्नजाळ्यापर्यंत कसे पोहोचावे, याविषयी अनुभवी शिक्षकांनी कृपया मार्गदर्शन करावे.