धुक्यातला तलाव फोटोत राखाडी आणि सपाट का येतो? (नागपूर परिसर, पहाट)

संत्रानगरी_22
क्रॉप सेन्सरचा (छोट्या सेन्सरचा) कॅमेरा, 18-55 आणि 55-250 मिमी लेन्स, साधा ट्रायपॉड. जागा अंबाझरीची भिंत आणि फुटाळ्याची चौपाटी, वेळ 6.30 ते 7.30. सेटिंग एफ 16 (लेन्सचं छिद्र बारीक), आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता 100, अपर्चर प्रायॉरिटी (छिद्र मी ठरवतो, शटरचा वेग कॅमेरा), व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटो. डोळ्यांना धुकं पांढरंशुभ्र, थर-थर दिसतं. फोटोत मात्र सिमेंटच्या रंगाची सपाट भिंत. ऑटोफोकस पुढे-मागे भटकत राहतो. शिवाय फोटोभर बारीक काळपट ठिपके. चुकतंय काय? दलदलीचा, लव्हाळ्याचा काठ टिपायचा असेल तर उभं कुठे राहायचं?

बोडीवाला
भाऊ, सेटिंग नंतर, आधी जागा बदला. दोन्ही ठिकाणी सूर्य तुमच्या पाठीशी आहे. अंबाझरीची भिंत तलावाच्या पूर्वेला. फुटाळ्याच्या चौपाटीवर लोक सूर्यास्त पाहायला बसतात, म्हणजे तिथूनही तोंड पश्चिमेलाच. धुक्याचे थेंब उजेड मुख्यतः पुढच्या दिशेने पसरवतात. त्यामुळे सूर्य समोर किंवा तिरका समोर असला की धुकं पेटल्यासारखं दिसतं, आणि पाठीशी असला की तेच धुकं चुना फासल्यागत.

डिसेंबरअखेर आपल्याकडे सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही, साधारण 25 अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो. म्हणून पश्चिम किंवा वायव्य काठावर उभं राहून आग्नेयेकडे बघायचं. सूर्य फ्रेमच्या मधोमध नको, 30 ते 60 अंश बाजूला ठेवा किंवा एखाद्या खोडाआड लपवा.

दलदल पाळीजवळ, म्हणजे तलावाच्या बांधाजवळ, शोधू नका. पाळीपाशी पाणी खोल असतं. चिखल, पाणकणीस, देवधान हे सगळं फुगवट्याच्या बाजूला, जिथे तळ हळूहळू वर चढतो. भंडारा-गोंदियाकडचे मामा तलाव (जुने मालगुजारी तलाव) आणि बोड्या (लहान तळी) यासाठी उत्तम. नकाशावर उपग्रहाचं चित्र उघडा, पाळ पूर्वेकडे आणि फुगवटा पश्चिमेकडे असलेला तलाव निवडा, निम्मं काम तिथेच झालं.

आणि जवळ काहीतरी काळं हवंच. वाळलेलं झाड, बेशरमाची (काठावर माजणाऱ्या झुडपाची) जाळी, काठाला लावलेला डोंगा. पाच-दहा मीटरवर गडद आकार, तीस मीटरवर फिका, शंभरावर नुसती सावली, असं असलं की डोळा आपोआप थर मोजतो. नुसतं पाणी आणि नुसतं धुकं घेतलं तर कितीही महाग लेन्स लावा, कोरा कागदच मिळणार.

तर्रीपोहा
जागेचं पटलं. आता राखाडीपणाचं कारण. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मधल्या राखाडीवर आणून ठेवतं. फ्रेमभर पांढरं धुकं असेल तर ते त्यालाही राखाडी करणारच. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मीटरपेक्षा उजळ-गडद करायची सोय) +0.7 वर ठेवा, दाट धुक्यात +1.3 पर्यंत न्या. हिस्टोग्रामचा (गडद ते उजळ छटांच्या आलेखाचा) ढीग उजवीकडे सरकला पाहिजे, पण उजव्या कडेला टेकता कामा नये. सूर्य फ्रेममध्ये आला की हे उलटतं. तेव्हा कॉम्पेन्सेशन शून्यावर आणा आणि दोन-दोन स्टॉपच्या फरकाने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) तीन शॉट घ्या.

ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. एफ 16 ला ती टोकदार दिसते, आणि धुक्यासारख्या एकसारख्या फिक्या भागात लपायला तिला जागाच नसते. एफ 8 वर या. जवळचं-दूरचं स्पष्ट यायला हवी तेवढी खोली तिथे मिळते.

फोकस मॅन्युअल. लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं चित्र) दहापट मोठा करून वाळक्या फांदीची आकाशासमोरची कड धरा. धुक्याचा विरळ भाग धरून उपयोग नाही, तिथे कॉन्ट्रास्टच नसतो, म्हणून तर ऑटोफोकस भटकतो. एकदा जमला की लेन्सच्या रिंगवर कागदी टेपचा तुकडा लावा.

व्हाइट बॅलन्स ऑटो ठेवलात तर पहाटेचा निळा आणि नंतरचा सोनेरी, दोन्ही रंग तो धुऊन काढतो. 5200 ते 5500 केल्विनवर कायम करा. आणि फाइल रॉ (सेन्सरची कच्ची माहिती), अर्थातच.

शटरचं एक सांगतो. सूर्योदयाआधी पंधरा मिनिटे एफ 5.6, आयएसओ 800 ला साधारण 1/4 सेकंद मिळतो. आयएसओ 100 वर अडून बसलात तर दोन सेकंद लागतात आणि पाण्यावरून सरकणाऱ्या वाफेच्या बटा पुसून जातात. थोडा नॉइज परवडतो, पुसलेली वाफ नाही.

संत्रानगरी_22
हे कळलं. आणखी तीन गोष्टी. अर्ध्या तासात लेन्सवर दव बसतं, पुसलं की पुन्हा. चिखलात ट्रायपॉड हळूहळू खचतो. पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) लावावा का?

पाणकोंबडी
दव बसायचं कारण असं: निरभ्र आकाशाखाली लेन्सची काच आपली उष्णता वर सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. हवा आधीच ओलीगच्च, मग पाणी काचेवर येणारच. लेन्स हूड कायम लावून ठेवा, शॉट नसेल तेव्हा झाकण. तारे टिपणारे लोक लेन्सभोवती यूएसबीची गरम पट्टी गुंडाळतात, ती घ्या आणि सगळ्यात कमी ताकदीवर चालवा. काही पॉवर बँक एवढी कमी वीज ओढली की आपोआप बंद पडतात, हे घरीच तपासून निघा. फुंकर मारून पुसू नका, श्वासाचीच वाफ जमते.

परतताना उलटा घोळ: थंड कॅमेरा उबदार खोलीत उघडला की आत-बाहेर सगळं ओलं. बॅगेची चेन बंद ठेवून तास-दीड तास तशीच राहू द्या. कार्ड आधीच काढून घ्या, म्हणजे धीर धरवतो.

ट्रायपॉडची सगळ्यात खालची, बारीक नळी आधी पूर्ण बाहेर काढा. तिचं लॉक चिखलाच्या वर राहिलं पाहिजे, आत गाळ गेला की ते कुरकुरतं आणि मग घसरतं. पाय टणक थर लागेपर्यंत दाबा. गाळ खोल असेल तर प्रत्येक पायाखाली डब्याचं रुंद प्लॅस्टिक झाकण ठेवा. मधला दांडा वर काढू नका. घरी आल्यावर पाय साध्या पाण्याने धुऊन उघडेच वाळवा.

पोलरायझर पहाटे बॅगेतच राहू द्या. दीड-दोन स्टॉप उजेड खातो आणि पाण्यातलं प्रतिबिंबच पुसतो, जे टिपायला आपण तिथे उभे आहोत.

तर्रीपोहा
पोलरायझरबद्दल थोडा मतभेद. सूर्य वर आल्यावर ओल्या पानांची चमक मारायला तो कामाचा आहे. पण तोवर धुकं बहुतेक गेलेलं असतं, म्हणून भांडत नाही.

फोटो एडिट करताना डीहेझ (धूसरपणा काढणाऱ्या) स्लायडरपासून मात्र जपून राहा राजेहो. +20 केलं तरी धुकं प्रदूषणासारखं मळकट दिसायला लागतं. कॉन्ट्रास्ट फक्त जवळच्या गडद झाडांवर मास्क लावून (तेवढाच भाग निवडून) वाढवा, धुक्यावर डीहेझ उलट -5, -10. काम 16 बिटमध्ये करा, 8 बिटच्या जेपेगमध्ये फिक्या छटांवर पट्टे उमटतात.

बोडीवाला
उद्या धुकं पडणार का, हे रात्रीच ताडता येतं. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाचा मेटार (हवामानाचा अहवाल) बघा, विमानतळाचा संकेत व्हीएएनपी. त्यात 12/11 असं लिहिलेलं असेल तर तापमान 12, दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊ लागते) 11. फरक दोन अंशांच्या आत, आकाश निरभ्र, वारा जवळजवळ शून्य, म्हणजे गजर लावा. मेटारची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, आपले पहाटे 4 म्हणजे तिथे आदल्या तारखेचे 2230, म्हणजे रात्रीचे साडेदहा. विमानतळापेक्षा तलावाकाठी हवा अजून ओली, हा फायदा वेगळा. अवकाळी पाऊस पडून आकाश मोकळं झालं, तर त्यानंतरची पहाट शक्यतो सोडू नका.

जानेवारीच्या सुरुवातीला सूर्योदय 6.50 च्या आसपास. त्याआधी 40 मिनिटे जागेवर हवं. उजाडल्यावर लगेच आवराआवर करू नका. ऊन लागताच खालची थंड हवा हलते आणि धुकं काही मिनिटं उलट दाटतं. मात्र आपल्या अक्षांशावर सूर्य भराभर चढतो, अर्ध्या तासात सहा अंश, त्यामुळे सोनेरी उजेड पटकन संपतो.

पाणकोंबडी
गमबूट घाला आणि काठीने चाचपत पाऊल टाका. बेशरमाच्या जाळीत अंधारात हात घालू नका, घोणस तिथेच पडून असते. पाण्यात बदकं बसलेली असतील तर पुढे सरकायचं नाही, 250 ची लेन्स त्यासाठीच आहे.