फॉरवर्डवरचे दोन बाण

"आरोग्याच्या खोट्या व्हॉट्सॲप मेसेजला कमी शिकलेलेच फसतात" असं मत इथं कुणीतरी मांडलंय, ते मला अजिबात पटलं नाही. माझी मावशी पंचवटीत राहते. निवृत्त शिक्षिका, पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारी. मागच्या वर्षी तिनं मधुमेहाची गोळी परस्पर बंद केली आणि कारल्याच्या रसावर राहिली. साखर २८० वर गेली तेव्हा आम्हाला कळलं.

ज्या व्हॉट्सॲप मेसेजवरून तिनं हे केलं, तो मी पाहिला. वर दोन बाण होते, म्हणजे बऱ्याच वेळा पुढे ढकललेला. ती म्हणाली, "अरे, एवढ्या लोकांनी पाठवलाय, खोटा कसा असेल?" जी खूण सावध करायला ठेवलीय, तीच तिला शिफारस वाटली! शिवाय तोच मेसेज भजनी मंडळ, सोसायटी आणि सख्खी नणंद, तिन्हीकडून आलेला. एकच विधान पुन्हा पुन्हा समोर आलं की ते जास्त खरं वाटतं, हे अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ सालीच प्रयोगातून दाखवलंय. शिक्षणाने त्यातून सुटका होतेच असं नाही.

आणि दुसरं, मला जास्त टोचलेलं. दवाखान्यात तासभर बसून तिला तीन मिनिटं मिळायची, रिपोर्ट इंग्रजीत. त्या मेसेजमधल्या व्हिडिओतला माणूस मात्र वीस मिनिटं शांतपणे, मराठीत, "ताई" म्हणत बोलायचा. तिचा विश्वास तिथंच बसला.

आता नवीन डॉक्टरांनी गोळी कशासाठी, हे तिला कागदावर मराठीत लिहून दिलंय. तो कागद फ्रिजवर चिकटवलाय. गोळी चुकत नाही.