‘जागा आहेत, मुलांनाच नको आहेत’ या म्हणण्याला उत्तर

ताळेबंद

बी.कॉम., बी.ए.एफ. (लेखा आणि वित्त विषयांतली पदवी) किंवा फायनान्समध्ये एम.बी.ए. झालेल्या मुलांना नोकरी मिळत नाही ही ओरड खोटी आहे, मुंबई-पुण्यात जागा ओस पडल्या आहेत, पण या मुलांना विक्री नको, रात्रपाळी नको आणि लोकलची गर्दीही नको, असे मुळशीकर यांनी काल याच मंचावर लिहिले. त्याखाली ज्या उत्साहाने लोकांनी माना डोलावल्या, तो पाहून सविस्तर उत्तर देणे भाग आहे.

मी पुण्यात खराडीला एका परदेशी बँकेच्या सेवा केंद्रात फंड अकाउंटिंग, म्हणजे गुंतवणूक फंडांचे हिशेब ठेवण्याचे काम, करतो आणि नव्या उमेदवारांच्या मुलाखतीही घेतो. जाहिरातीत वर ‘फ्रेशर’ आणि खाली ‘एक ते दोन वर्षांचा अनुभव आवश्यक’ असे दोन्ही लिहिलेले असते. ही विसंगती कोणालाच खटकत नाही. पूर्वी नव्या मुलाला पहिले सहा महिने दोन विवरणपत्रांचा ताळमेळ जुळवायला बसवत असत. त्यातून त्याला व्यवहार कसा चालतो ते कळे. आता ते जुळवण्याचे काम संगणक प्रणाली करते आणि माणसाच्या वाट्याला न जुळलेल्या नोंदी तेवढ्या उरतात, ज्या सोडवायला अनुभवच लागतो. अमेरिकेने मे २०२४ पासून रोख्यांच्या व्यवहारांची पूर्तता दुसऱ्याच दिवशी करण्याचा नियम लागू केल्यापासून तर शिकाऊ माणसाच्या चुका निस्तरायला आमच्याकडे वेळही राहिलेला नाही. जी थोडी मुले आम्ही घेतो, ती ठरावीक महाविद्यालयांच्या कॅम्पस निवडीतून किंवा आतल्या कर्मचाऱ्याच्या शिफारशीने येतात. बारामतीच्या किंवा जालन्याच्या मुलाचा अर्ज पोर्टलवर पडतो आणि तिथेच राहतो. त्यात त्याच्या आळसाचा संबंध कुठे आला?

मुळशीकर ज्या ‘ओस पडलेल्या जागा’ मोजतात, त्या बहुतांशी रिलेशनशिप ऑफिसर नावाच्या आहेत. विमा, क्रेडिट कार्ड आणि डीमॅट खाती विकण्याचे ते काम असते. ते हलके आहे असे मी म्हणत नाही. मात्र तीन वर्षे ताळेबंद वाचायला शिकलेल्या मुलाला ते नाकारण्याचा अधिकार आहे, एवढेच माझे म्हणणे आहे.

मुळशीकर

ताळेबंद साहेब, आपण खुर्चीत बसून मुलांची वकिली करता. मी एका वित्तसंस्थेसाठी माणसे शोधत फिरतो. माझ्यासमोर प्रथम श्रेणीचे पदवीधर येतात आणि त्यांना बँक रिकन्सिलिएशन स्टेटमेंट (आपल्या वहीतली आणि बँकेची शिल्लक जुळवणारे पत्रक) म्हणजे काय ते सांगता येत नाही. घसाऱ्याची नोंद नफा-तोटा पत्रकात केली की ताळेबंदात आणि रोख प्रवाहात काय बदलते, हा प्रश्न विचारला तर ‘सर, हे ऑप्शनला टाकलं होतं’ असे उत्तर मिळते. रोखे बाजारातल्या कामासाठीच्या एन.आय.एस.एम.च्या प्रमाणपत्र परीक्षेचे शुल्क महाविद्यालयाच्या एका सत्राच्या शुल्काहून पुष्कळ कमी असते, तरीही अर्ज करणाऱ्या फार थोड्यांनी ती दिलेली असते. ज्यांना निवडतो त्यांच्यातले काही नेमणूकपत्र स्वीकारतात आणि रुजू होण्याच्या दिवशी फोन बंद करून बसतात. या मुलांना ताळेबंद वाचता येतो असे आपण म्हणता, तेव्हा आपल्या कार्यालयात येणारी मुले आणि माझ्याकडे येणारी मुले एकाच विद्यापीठाची आहेत का, अशी शंका येते.

अर्धवट_सीए

आपण दोघेही तिसऱ्या दाराविषयी बोलत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी वित्त शाखेच्या मुलाची पहिली नोकरी म्हणजे सीए फर्म: जी.एस.टी.चे विवरण, टी.डी.एस., टॅलीतल्या नोंदी आणि प्राप्तिकर विवरणपत्रांसाठी ३१ जुलैच्या आधीची जागरणे. तिथे बाजारभाव कोणाला आहे ते पाहा. सीए इंटरचा, म्हणजे मधल्या टप्प्याच्या परीक्षेचा, विषयांचा एक गट सुटलेल्या आणि दुसऱ्यात वारंवार आपटणाऱ्या माझ्यासारख्याला ‘सेमी-क्वालिफाइड’ म्हणून बोलावले जाते, आणि पूर्ण पदवी हाती असलेल्या बी.ए.एफ.वाल्याला बाहेरच्या बाकावर बसवले जाते. ज्या पदवीपेक्षा दुसऱ्या परीक्षेतले अपयश अधिक मोलाचे ठरते, तिच्यासाठी पालक विनाअनुदानित तुकडीचे शुल्क का भरतात, हे महाविद्यालयांना विचारा.

आता माझी जुनी तक्रार. जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत आर्टिकलशिप (सीए होण्यासाठी फर्ममध्ये करायची उमेदवारी) तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आणली, हे चांगलेच झाले. आम्ही मात्र तीन वर्षे नाममात्र विद्यावेतनावर साहेबांच्या बँकेच्या स्लिपा भरत काढली आणि त्याला प्रशिक्षण म्हणत राहिलो. ज्याच्या घरी दोन वेळची ददात आहे, त्याला हे दार उघडे असूनही बंदच असते.

निवृत्त_शाखाधिकारी

मी १९८३ मध्ये बी.एस.आर.बी.ची (तेव्हाच्या बँक भरती मंडळाची) परीक्षा देऊन लिपिक म्हणून लागलो. पहिली नेमणूक परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात, जिथे एस.टी. दिवसातून दोनदा येत असे. नुसत्या पदवीवर आम्हालाही कोणी नोकरी दिली नव्हती, त्यामुळे मुळशीकरांचे अर्धे म्हणणे मला पटते. आजही सरकारी बँकांच्या भरतीसाठी आय.बी.पी.एस.ची परीक्षा आहे, तिला शिफारस लागत नाही आणि महाविद्यालयाचे नावही कोणी विचारत नाही. खरे आहे की २०१७ मध्ये २७ असलेल्या सरकारी बँका विलीनीकरणांनंतर २०२० मध्ये १२ उरल्या, पण दार अजून उघडे आहे.

उरलेल्या अर्ध्याविषयी मात्र राग येतो. आम्ही काउंटरवर बसून कर्जाचे प्रस्ताव तपासायला शिकलो. आज पेन्शन काढायला गेलो की समोरचा मुलगा मला विमा योजनेचे पत्रक देतो आणि माझ्या प्रश्नाला त्याला उत्तर देता येत नाही. या पिढीने बँकेची विश्वासार्हता कमिशनसाठी विकली.

जुना_खातेदार

शाखाधिकारी साहेबांनी माझ्या मनातले लिहिले. माझी आई मुदत ठेवीचे नूतनीकरण करायला गेली आणि दहा वर्षे हप्ता भरावा लागणारी विमा पॉलिसी घेऊन घरी आली. वय ७१. समोर बसलेल्या मुलीने तिला ‘आजी, ही एफ.डी.पेक्षा चांगली’ असे सांगितले होते. पॉलिसी परत करण्याची मुदत तेव्हा १५ दिवसांची होती. आम्हाला कळले तोवर ती उलटून गेली होती. २०२४ मध्ये ती ३० दिवस झाली, त्याचा आम्हाला काय उपयोग? अशा नोकऱ्या करणाऱ्या मुलांविषयी मला सहानुभूती नाही. पोट भरायचे आहे म्हणून म्हाताऱ्यांना फसवायचे का?

कृष्णाकाठ

मी ती मुलगी आहे. आपल्या आईंच्या समोर बसलेली नव्हे, पण तशीच एक. एम.बी.ए. फायनान्स झाल्यावर सातारा जिल्ह्यात एका खाजगी बँकेच्या शाखेत रिलेशनशिप ऑफिसर म्हणून लागले. पगारपत्रक बँकेचे नव्हते, मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराचे होते. रोज संध्याकाळी व्यवस्थापक ग्रुपवर ‘आज किती?’ असे विचारीत आणि ज्याचा आकडा शून्य, त्याचे नाव सर्वांसमोर येई. माझी पहिली पॉलिसी आईच्या नावावर आहे, दुसरी मामांच्या. मुलाखतीत मला विश्लेषण आणि पतमूल्यांकन शिकवू असे सांगितले होते. दीड वर्षात मी एकही कर्जप्रस्ताव उघडून पाहिला नाही. नोकरी सोडली तेव्हा पुढच्या ठिकाणी ऐकावे लागले की, ‘तुमचा अनुभव विक्रीचा आहे, फायनान्सचा नाही.’

जुना_खातेदार, आपला राग रास्त आहे, पण तो चुकीच्या खिडकीवर निघतो आहे. आणि शाखाधिकारी काका, ही विश्वासार्हता ‘या पिढीने’ विकली असे आपण कसे म्हणता? बावीस वर्षांच्या मुलीला ते लक्ष्य ठरवून देणारे वरिष्ठ आपल्याच पिढीतले होते.

निवृत्त_शाखाधिकारी

माझ्या शाखेत असा प्रकार कधीही घडला नाही. सर्वांना एका मापाने मोजू नये.

कृष्णाकाठ

तेच म्हणते आहे, काका. मग ‘ही पिढी’ हे माप कुठून आणलेत?

जुना_खातेदार

वरून दडपण होते म्हणून खालच्याने खोटे बोलावे, हा युक्तिवाद मला मान्य नाही. दडपण मलाही होते, मी जकात नाक्यावर नोकरी केली आहे. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनीही नोव्हेंबर २०२४ मध्ये बँकांना या गैरविक्रीवरून जाहीरपणे सुनावले होते.

ताळेबंद

विमा विक्रीने धागा पळवला असला तरी मी तक्रार करणार नाही, कारण माझा मुद्दा आपण सर्वांनी मिळून सिद्ध केला. जी नोकरी न करणाऱ्या मुलाला मुळशीकर आळशी ठरवतात, तीच करणाऱ्या मुलीला जुना_खातेदार फसवी ठरवतात आणि तिचाच अनुभव पुढच्या मुलाखतीत कोणी धरत नाही. मुलाने नेमके काय करावे, हे आता आपणच आपसात ठरवा.

मराठवाडी_वाणिज्य

सरकारी मार्गही सांगून ठेवतो. राज्याच्या २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० रुपये मिळत. मी एका तालुका कार्यालयाच्या लेखा विभागात होतो. काम खरे होते: देयके तपासणे, कोषागाराला पाठवणे, आक्षेप आले की पुन्हा पाठवणे. मुदत संपली आणि प्रमाणपत्र मिळाले. संभाजीनगरच्या एका कंपनीत ते दाखवले, तेव्हा समोरच्या बाईंनी ते उलटे करून पाहिले, मागे काही लिहिले आहे का म्हणून.

मुळशीकर

ठीक आहे. जागा मोजताना मी विक्रीच्याही धरल्या होत्या आणि त्या वगळल्या तर आकडा बराच खाली येतो, एवढे मान्य करतो. आपल्या सर्वांच्या समाधानासाठी एवढे पुरेसे असावे. पण कृष्णाकाठ ताईंसारखी दीड वर्ष टिकलेली व्यक्ती आणि तीन दिवसांत गायब होणारा मुलगा यांना एकाच रांगेत उभे करू नका. ग्राहकाशी बोलता येणे हेही वित्तक्षेत्रातले कौशल्य आहे, आणि कर्जवसुलीत असल्यामुळे ते मी रोज पाहतो.

ताळेबंद

मग एक साधी गोष्ट करा. पुढच्या जाहिरातीत निश्चित पगार किती, लक्ष्य किती आणि नेमणूक ठेकेदारामार्फत आहे की थेट, हे तिन्ही लिहा. त्यानंतर किती मुले फोन बंद करतात ते पाहू.

मुळशीकर

जाहिरात मी लिहीत नाही, ती मुख्यालयातून येते. तरी फोनवर बोलावताना या तिन्ही गोष्टी मी आधी सांगेन, वरिष्ठ ओरडले तरी. मात्र शनिवारी मुलाखतीला जो येईल त्याला बँक रिकन्सिलिएशन विचारणारच, आणि ते आले नाही तर आपला संदर्भ घेऊन आला असला तरी परत पाठवीन.