मदत हवी आहे : वाळूच्या नळीत मायक्रोकॅप्सूल सोडल्यावर तेल येणेच बंद होते

कृष्णाकाठ : नमस्कार. सांगलीत अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी मी काचेच्या नळीत वाळू ठासून तीत खनिज तेल मुरवले आहे. नुसते पाणी सोडले की ते मोठ्या पोकळ्यांची सोपी वाट धरते आणि बरेचसे तेल मागे राहते. म्हणून त्या वाटा बुजवून पाणी उरलेल्या तेलाकडे वळवावे, या हेतूने अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या चिकट पदार्थाच्या) मायक्रोकॅप्सूल, म्हणजे कवच असलेल्या सूक्ष्म गोळ्या, पाण्यातून सोडल्या. दाब झपाट्याने चढतो, तेल मात्र थेंबभरही येत नाही. परवा निकाल दाखवायचा आहे, कृपया लवकर सांगावे.

खडकवेडा : कॅप्सूलचा व्यास, वाळूची चाळण, पाण्यातील क्षार, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

मिरजेचा : कॅप्सूल सोडून द्या आणि पॉलिमर घ्या. राजस्थानातील मंगला तेलक्षेत्रात तो मोठ्या प्रमाणावर वापरला जातो, आणि माझ्याही नळीत पॉलिॲक्रिलामाइड या पॉलिमरनेच जास्त तेल निघाले होते.

खडकवेडा : पॉलिमर पाणी दाट करतो, कॅप्सूल ठरावीक वाट अडवते. प्रश्न दुसऱ्या कामाचा आहे.

साताराकर : वाळूऐवजी जांभ्याचा चिरा कापून घ्यावा, असे मला वाटते. आमच्याकडे पश्चिमेच्या पठारांवर तो आहे आणि सच्छिद्रही असतो.

कृष्णाकाठ : क्षमस्व. वाळू 250 मायक्रॉनची, कॅप्सूल सुमारे 100 मायक्रॉनच्या, पाणी बोअरचे. आज नळी उघडली, तर तोंडाच्या जाळीवर साबुदाण्याच्या खिरीसारखा पांढरा थर साचलेला होता.

खडकवेडा : मग कारण त्या थरातच आहे. गच्च बसलेल्या गोल कणांमधील अरुंद फट कणाच्या व्यासाच्या साधारण 0.15 पट असते, म्हणजे आपल्या वाळूत ती 40 मायक्रॉनच्या आसपास भरेल; 100 मायक्रॉनची कॅप्सूल कवच फार मऊ असल्याखेरीज तिच्यातून जाणार नाही, आणि दारातच गर्दी झाली की पाणीही आत शिरत नाही. द्रावण तेलात अधिक वेगाने घुसळून थेंब बारीक करा, कवच घट्ट करणारे कॅल्शियम क्लोराईड कमी घेऊन ते मऊ ठेवा आणि मिश्रण अगदी विरळ सोडा. पाणी खारट असेल, तर सोडियम कॅल्शियमची जागा घेतो आणि कॅप्सूल फुगते. तेव्हा आधी डिस्टिल्ड पाण्यात करून पाहा.

मिरजेचा : क्षारांच्या पाण्यात माझा पॉलिमरही पातळ पडतो, हे मान्य करतो.

कृष्णाकाठ : आभारी आहे. आज रात्री बारीक कॅप्सूल करतो. घुसळण्यासाठी घरचा मिक्सर चालेल का?