माकडतापाच्या पैशातून वानरांच्या टोळ्यांचा कायमचा अभ्यास व्हावा का?

रानवाट
1957 साली शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या रानात माकडं मरायला लागली आणि तिथून माकडतापाचा, म्हणजे गोचिडींमधून माकडांना आणि माणसांना होणाऱ्या तापाचा, विषाणू हाती लागला. शोधणारी पुण्याची प्रयोगशाळा (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) 1952 मध्ये उभी राहिली ती आयसीएमआर (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) आणि रॉकफेलर फाउंडेशन या दोघांच्या जोरावर. पुढे 2015 ला गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पालीत आणि 2016 ला सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात ताप आला. तरी वानरांवरच्या कामाला पैसा मागितला की उत्तर ठरलेलं: वन्यजीव खात्याकडे जा.

माझं म्हणणं, हा खर्च आरोग्याच्या खात्यातून व्हावा. दोडामार्ग-सत्तरी पट्ट्यात आठ टोळ्या धरा, चार काळ्या तोंडाच्या वानरांच्या, चार लाल तोंडाच्या माकडांच्या. दर टोळीची महिन्यातून दोनदा मोजणी, सलग दहा वर्षं. उजाडायच्या आत टोळी झोपते त्या झाडाशी पोचायचं, दोघांनी दोन बाजूंना थांबायचं आणि टोळी रस्ता किंवा ओढा ओलांडताना एकेक उडी मोजायची. नर, माद्या, पोटाशी पिलू असलेल्या माद्या, अर्धवट वाढलेली, सगळे वेगळे. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर पुढच्या ओलांडणीला पुन्हा.

गोचीडशोध्या
दहा वर्षं कशाला? तापाच्या कामाला दोनच गोष्टी लागतात: मेलेलं माकड लवकर कळणं आणि गोचिडी कुठे आहेत हे कळणं. पहिलीला गावोगावी एक फोन नंबर आणि खबर देणाऱ्याला थोडे पैसे पुरतात. दुसरीला मीटरभर पांढरं फ्लॅनेल जमिनीवरून ओढायचं, दर दहा पावलांना उलटून चिमट्यानं गोचिडी वेचायच्या. माणसाला चावतात त्या मुख्यतः छोट्या, अर्ध्या वाढीच्या, डिसेंबर ते मे. यात टोळीतली म्हातारी मादी कोण, हे कशाला हवं?

शिवाय तुमचीच माणसं रोज त्या पाचोळ्यात बसणार. सगळ्यात आधी ताप त्यांनाच.

रानवाट
फोन नंबराचं गणित इतकं सोपं नाही. उन्हाळ्यात मढं दोन दिवसांत कुजतं, डुकरं-कोल्हे ओढून नेतात. जे सापडतं ते रस्त्याकडेचं. टोळीत एकवीस होती, आता सतरा, हे कळलं तर मढं न सापडताही इशारा मिळतो. आणि शरीर गार पडलं की गोचिडी उतरून तिथेच पसरतात, म्हणून जागा नेमकी लागते. शेवटची मोजणी कुठे झाली हे माहीत असेल तर शोध दोन-चार बागांपुरता उरतो.

गोचीडशोध्या
जुन्या पट्ट्यात हा इशारा फसतो. साथीतून वाचलेल्या माकडांच्या रक्तात प्रतिपिंडं असतात, अशी माकडं मरत नाहीत. मोजणी सारखीच राहील आणि काजूवाली बाई तापानं आडवी होईल.

रानवाट
म्हणूनच तर पिलांची वेगळी नोंद! साथीनंतर जन्मलेल्यांना संरक्षण नसतं. टोळीत अशी किती साठली हे तीन वर्षांच्या प्रकल्पातून कसं कळणार?

हिशेबनीस
दोघांचं वाचलं. खरी मेख वेगळीच आहे. केंद्राच्या बहुतेक अनुदानात 31 मार्चला न खर्चलेली रक्कम परत जाते आणि नवा हप्ता यायला जून-जुलै उजाडतो. तापाचा हंगाम मात्र मार्चच्या दोन्ही अंगांना पसरलेला, काजूची वेचणीही फेब्रुवारी ते मे. म्हणजे एप्रिल-मेमध्ये, नेमकी गरज तेव्हा, जीपच्या डिझेलला पैसे नाहीत. कनिष्ठ संशोधकाची फेलोशिप 2023 पासून महिना 37,000 आणि वर घरभाडं, पण तीही उशिरा. तो कसाबसा तग धरतो. टोळी ओळखणारा गावातला पोरगा रोजंदारीवर, तो दोन महिने थांबत नाही, बागेत जातो. त्याच्याबरोबर सगळी ओळख जाते. नव्या माणसाला नर-मादी लांबून ओळखायलाच एक हंगाम लागतो.

तेव्हा आधी एप्रिल ते जुलैचा मजुरी-इंधनाचा फिरता निधी संस्थेनं वेगळा ठेवावा. दहा वर्षांचं नंतर बोला.

काजूबाग
वानरांना माणसाची सवय लावणार असाल तर आमचा विरोध. नारळ-केळी आधीच हातची जातात. माणसाला न भिणारी टोळी बागेत उतरली की फटाकेही चालत नाहीत.

रानवाट
सवय लावायचीच नाही. पन्नास-साठ मीटरवरून दुर्बिणीनं मोजायचं, खायला काही टाकायचं नाही, मागे मागे फिरायचं नाही. वागणुकीचा बारीक अभ्यास असता तर सवय लावावी लागली असती.

गोचीडशोध्या
मग हा 'अभ्यास' नव्हे, मोजणी आहे. तसं लिहून मागा, मी विरोध मागे घेतो. दोन अटी. मोजणीवाल्यांनीच महिन्यातून एकदा त्याच जागी फ्लॅनेल ओढावं, पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, अंगाला डीएमपी किंवा डेपा (गोचिडी दूर ठेवणारी औषधं) लावून. आणि मढ्याला हात लावायचा नाही. नमुना प्रशिक्षित पथकच घेईल, बर्फात पुण्याला जवळजवळ चारशे किलोमीटर जायचा आहे. अभयारण्याच्या हद्दीतल्या टोळ्यांसाठी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 28 खाली परवाना लागेल. तो अर्ज पावसाळ्यातच टाका, नाहीतर डिसेंबर निघून जाईल.

हिशेबनीस
आणि मजुरांचा विमा? तुमच्या दोघांच्याही यादीत नाही.