तर्कू, चाती की टकळी? पेशीविभाजनातला अडलेला शब्द

पारिजात: रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलांच्या आईवडिलांसाठी एका माहितीपत्रकाचं मराठी करतेय. व्हिन्क्रिस्टीन हे औषध आपल्या दारातल्या सदाफुलीत सापडलं. ते काम कसं करतं हे चार ओळींत सांगायचंय. पेशीचे दोन भाग होण्याआधी आत प्रथिनांच्या बारीक धाग्यांची एक रचना उभी राहते आणि गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढून नेते. तिला इंग्रजीत ‘स्पिंडल’ म्हणतात. औषधामुळे हे धागे नीट जुळत नाहीत, पेशी अर्ध्यावर अडकते आणि मरते. मी ‘तर्कुतंतू’ लिहिलं आणि एका मुलाच्या आईला वाचायला दिलं. त्यांनी विचारलं, “तर्क म्हणजे अंदाज ना? मग हे औषध अंदाजानं देतात का?” माझ्या पोटात गोळा आला. शब्द तिथल्या तिथे खोडला. दुसरा सुचवा, सोमवारी छपाईला जायचंय.

चिंचोका: माझ्या भाचीच्या क्लासच्या नोट्समध्ये ‘तुर्कतंतू’ छापलंय. ती मला विचारत होती की याचा तुर्कस्तानशी काय संबंध. मला उत्तर देता आलं नाही.

सह्यकडा: तुर्क नव्हे आणि तर्कही नव्हे. संस्कृत ‘तर्कु’ म्हणजे सूत कातायची चाती, चरख्याची गरगर फिरणारी सळई. हिंदीतला तकुआ आणि तकली त्याच घरातले, आपली टकळीही मला तिथलीच वाटते. सुटा शब्द ‘तर्कू’, समासात ‘तर्कुतंतू’. शब्द निर्दोष आहे. वाचणाऱ्याला माहीत नाही म्हणून शब्द टाकायला लागलो तर शास्त्राची मराठी उभीच राहणार नाही. कंसात अर्थ द्या.

पारिजात: दादा, त्या बाईंच्या मांडीवर सलाईन लावलेलं पोर होतं. कंस कोण वाचणार?

जुना मास्तर: ‘चाती’ लिहा. 1962 साली मी चौथीत होतो, सूतकताईचा तास असायचा. डाव्या हातात पेळू म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, उजव्या हातानं चरख्याचं चाक. धागा तुटला की पुन्हा जोडायचा. चातीवर सूत चढत गेलं की मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती अशी कुकडी तयार व्हायची. पुढे जीवशास्त्र शिकवताना सूक्ष्मदर्शकाखाली तोच आकार दिसला आणि तास क्षणभर थांबवावा लागला. ज्याने हे नाव दिलं त्यानेही घरात सूत कातताना पाहिलं असणार.

मोरपीस: मास्तर, आकार पटला. पण चाती गरगर फिरते, पेशीत काही फिरत नाही. धागे टोकांकडून सुटे होत आखूड होतात आणि गुणसूत्रं ओढली जातात. चाती म्हटलं की वाचणारा चाक शोधत बसेल. टकळी तर नकोच, आमच्याकडे टकळी फक्त तोंडाची चालते. सरळ ‘ओढणाऱ्या दोऱ्या’ म्हणा. मी वॉर्डात काम करते. तिथे पेशीला ‘सेल’ म्हणतात आणि सगळ्यांना कळतं.

सह्यकडा: दोऱ्या? उद्या गुणसूत्राला ‘गाठोडं’ म्हणाल.

चिंचोका: गुणसूत्राचं निघालंच आहे तर विचारतो. आजोबांच्या जुन्या पुस्तकात ‘रंगसूत्र’ होतं. ते बदललं का? मूळ शब्द ‘क्रोमोसोम’, ग्रीक क्रोमा आणि सोमा, रंग आणि काया. जर्मन शास्त्रज्ञ वाल्डेयरनं 1888मध्ये तो दिला तेव्हा गुणांचा विषयच नव्हता.

जुना मास्तर: कारण रंग त्याचा नाही, तो आपण देतो. पाण्याच्या पेल्यावर कांदा ठेवायचा, दोन-तीन दिवसांत पांढरी मुळं सुटतात. टोकाचा दोन मिलिमीटर तुकडा कापून आम्लात कोमट करायचा, ॲसिटोकार्मिन या लाल रंगाचा थेंब टाकायचा आणि काचेखाली अंगठ्यानं दाबायचा. व्हिनेगरसारखा वास बोटांना दिवसभर राहतो. बहुतेक पेशींत नुसता लालसर गोळा दिसतो. जुन्या वह्यांत पेशीच्या या स्थितीला ‘विश्रांती अवस्था’ लिहायचे, ते मी दरवर्षी खोडायला लावायचो, कारण डीएनए दुप्पट होतो तो त्याच काळात. मग एखादी पेशी सापडते जिच्यात 16 दांड्या सुट्या दिसतात. मुलांचा श्वास रोखलेला असतो. तो रंग बाटलीतला. सटन आणि बोव्हेरी या शास्त्रज्ञांनी 1902-03च्या सुमारास दाखवलं की आनुवंशिक गुण याच सुतांवरून जातात, म्हणून गुणसूत्र. ‘सूत्र’ही नेमकं आहे. जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर फ्लेमिंगनं 1882मध्ये या पेशीविभाजनाला मायटोसिस म्हटलं ते ग्रीक मिटोस म्हणजे धागा यावरून. सूत्री विभाजन.

मोरपीस: पण मराठीत ‘गुण’ जन्मानं मिळतो का? म्हण आठवा: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. संगतीनं लागतो तो गुण. जो लागत नाही, जन्माबरोबर येतो, तो वाण! औषधाचाही गुण येतो, वाण येत नाही.

चिंचोका: आणि वाण म्हणजे वर्ण, म्हणजे रंग! शिवाय शेतकरी बियाण्याला वाणच म्हणतो. ‘वाणसूत्र’ म्हटलं असतं तर रंगही राहिला असता आणि आनुवंशिकताही. मी आजपासून म्हणणार.

सह्यकडा: सुंदर आहे, मान्य. पण गुणसूत्र दोन पिढ्यांच्या परीक्षांतून रुळलंय. रुळलेला शब्द हलवू नये.

मोरपीस: मग ‘सेल’ही रुळलाय की!

सह्यकडा: ते वेगळं. आपल्याकडे ‘पेशी’ होता. हिंदीवाले ‘पेशी’ म्हटलं की स्नायू समजतात आणि आपल्या पेशीला कोशिका म्हणतात. आपला शब्द आपणच जपायचा.

पारिजात: आत्ता पत्रकात असं लिहिलंय: ‘पेशी दुभंगताना आत बारीक दोऱ्या ताणल्या जातात. हे औषध त्या दोऱ्या बनू देत नाही.’ चाती पुढच्या चित्राखाली घालू का? चित्रात कुकडीचा आकार दिसतो. मास्तर, तुम्ही सांगाल तसं करते.

चिंचोका: थांबा, संक्रांतीला लुटतात ते वाण आणि हे वाण एकच का?

सह्यकडा: नाही. ते ‘वायन’वरून, सणाव्रताला द्यायचा खाऊ.

जुना मास्तर: आमच्या घरी आई सुपातून वाण द्यायची. त्या सुपालाही एक वेगळा शब्द होता, आठवला की लिहितो.